पिंग

सात वाजता गाणं सुरू झालं
आणि घर काळंच राहिलं.
कर्ण्यातून सुरुवातीच्या घंटा वाजल्या,
ज्यांच्यावर छज्जाची माळ डावीकडून उजवीकडे पळते,
मग पेरूचं झाड, मग गच्चीवरचा तारा.
काही पळालं नाही.
मोहननगरच्या आमच्या गल्लीत
स्वेटर घातलेली पोट्टी मान वर करून उभी.
"काऊन जी अंकल, लाइन गेली का?"
गेली असती तर बरं होतं,
दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं.

लॅपटॉप म्हणत होता, कंट्रोलर सापडत नाही.

तेहेतीस वर्षं मी अजनीला सिग्नल खात्यात काढली.
अडकलेला रिले टिचकी मारून ओळखायचो.
आमच्या सिग्नलला एक शिस्त होती:
तार तुटो, बॅटरी मरो, उंदीर कुरतडो,
बिघडला की तो लाल पडायचा.
मला काही कळेना झालंय, तू थांब,
एवढं तरी सांगायचा.
या सोळा माळांना ती रीत नाही.
बिघडल्या की नुसता अंधार,
आणि खाली गाणं चालूच,
दुसऱ्या कडव्यावर पोचलेलं.

केबल काढली, फुंकली, लावली.
डबा बंद केला. सुवार्तानं दहा आकडे मोजले,
डोळे मिटून, का कोण जाणे. चालू केला.
डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.
जिवंत आहे म्हणजे.
ऐकू येत नाही एवढंच.

हे सगळं रिबकानं बसवलेलं,
आणि रिबका मेडिकलला, नाइट ड्यूटीवर.
मेसेज टाकला. चाळीस मिनिटांनी उत्तर:
पिंग करा पप्पा.
म्हणजे?
हाक मारायची. ओ येते का बघायचं.
आम्ही बेशुद्ध पेशंटला मारतो ना, तशी.
पत्ता वहीत आहे.
मग ती गेली. कुणाची तरी सलाइन संपली असणार.

एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास.
तिच्या सातमध्ये आणि एकमध्ये फरक कळत नाही,
शाळेपासून सांगतोय.
एका बोटानं टाइप केलं. काळ्या खिडकीत
चार हाका गेल्या, चार ओळी आल्या:
तिथवर पोचता येत नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हे सांगणारा कोण?
ओळीत पत्ता होता, पण शेवटी पन्नास नव्हते, सात होते.
मी वही पाहिली. नाही, हा खरा सातच.
सात म्हणजे लॅपटॉप स्वतः.
स्वतःच हाक मारत होता, दाराबाहेर न जाता
स्वतःच सांगत होता, कुणी नाही तिकडे.

तेव्हा आठवला नोव्हेंबरात आलेला
फायबरवाला पोरगा आणि त्यानं भिंतीवर ठोकलेला पांढरा डबा.
त्याच्याही घराला नंबर तोच: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक.
एका नावाच्या दोन गल्ल्या.
लॅपटॉप रोज नव्या गल्लीत शिरून
जुन्या माणसाला हाका मारत होता.
अजनीला एकदा दोन पेट्यांवर एकच नंबर रंगवलेला,
अर्धी रात्र आम्ही चांगली पेटी खोलत बसलो होतो.

वायफाय बंद केलं.
एक क्लिक. एवढंच.
पुन्हा हाक.

उत्तर आलं, पन्नासकडून.
एक मिलिसेकंदाच्या आत.
इतक्या जवळ होता तो, जिन्याखाली,
चपलांच्या फळीमागे.

पावणेनऊ वाजले होते. गल्लीत एकटा रॉयस्टन उरलेला,
तोही आईनं अजून हाक मारली नाही म्हणून.
त्याच्यासाठी गाणं पहिल्यापासून लावलं.
छज्जा पळाला, पेरू पळाला, तारा उठला.
"अकरा नंबर बंद आहे अंकल," तो म्हणाला.
होती. ती उद्या बघू, तिची भानगड वेगळी दिसते.

फोटो काढून रिबकाला पाठवला.
एक टिक.
काळी खिडकी मी बंद केली नाही,
तिला थांबू नको म्हणून सांगितलं.
बाहेर माळा नाचत होत्या,
आत ओळीमागून ओळ येत होती:
ओ, ओ, ओ, ओ.
फोनवर अजून एकच टिक.
वॉर्डात रेंज नसते.